दिव्याला आधी ऊब द्यायची

माझे बाबा सांगलीत दिवसा कारकुनी करायचे आणि संध्याकाळी सातनंतर हौशी नाटकांची प्रकाशयोजना. २०२३ च्या जानेवारीत ते हृदयविकाराने गेले. मी तेव्हा लातूरला बारावीत होते, सतरा वर्षांची. पुढच्या वर्षभरात मला जे उमगलं, ते ज्या क्रमाने उमगलं त्याच क्रमाने लिहिते आहे. एखाद्या घरात सतरा-अठरा वर्षांचं पोर दार लावून गप्प पडून असेल, तर त्या घरासाठी.

१. थकवा आधी आला होता, दुःख नंतर

दहावीला चांगले गुण पडले की आमच्याकडच्या मुलांसमोर एक रस्ता आपोआप उघडतो, तो लातूरला जातो. मीही गेले, आणि स्वतःच्या मर्जीने गेले. पहाटे पाचला होस्टेलच्या बाथरूमसमोर बादली घेऊन रांग, सहाला अभ्यासिका, मग क्लास, मग पुन्हा अभ्यासिका, रात्री साडेअकराला दिवे बंद. दर रविवारी नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, धर्तीवर ७२० गुणांची टेस्ट. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. संध्याकाळी रँकची यादी ग्रुपवर पडायची आणि सगळ्या मजल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही.

बारावीच्या ऑक्टोबरपासून माझं काहीतरी बिघडलं. जीवशास्त्राच्या पुस्तकातली ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात पुसली गेलेली असायची. म्हणून मी हायलायटर फिरवायचे. एका पानावर पिवळा, हिरवा, गुलाबी असे तिन्ही रंग झाले, पानावर पांढरी जागा उरली नाही, तरी पान मिटल्यावर त्यातलं एक वाक्य सांगता येईना. मेसच्या आमटीत मीठ नाही म्हणून मुली ओरडत होत्या, मी वाटीभर आमटी संपवली होती. घरी फोन केला की सांगायचे, सगळं छान चाललंय. खोटं बोलत होते असंही नाही. सगळ्याच मुली तशा दिसत होत्या, त्यामुळे असंच असतं असं वाटायचं.

बर्नआउट हा शब्द मला खूप नंतर कळला. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो मांडला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारी, मनापासून काम करणारी माणसं विझत जाताना त्याने पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून आता काही होत नाही असं वाटणं. मात्र तिथे हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायासाठी राखला आहे, शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी नाही. मला हे पटत नाही. ज्याने कुणी बारावीच्या मुलाची दिनचर्या जवळून पाहिली आहे, त्याला ते पटणार नाही.

बाबा गेल्यावर जो तो म्हणायला लागला, पोरीचं अभ्यासातलं लक्ष उडालं, बिचारीचे बाबा गेले ना. सगळे मायेनेच बोलत होते. पण त्यामुळे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे तीन महिने कुणालाच दिसले नाहीत. मलाही दिसले नाहीत.

२. जे सांगता येत नाही ते आतल्या आत वाढतं

तो शनिवार होता. रेक्टरबाईंनी खाली बोलावलं, फोनवर माझे धाकटे काका होते. त्यांचं बोलणं कळायला मला थोडा वेळ लागला. आणि कळल्यावर डोक्यात जो पहिला विचार आला, तो होता: म्हणजे उद्याची टेस्ट द्यायला नको.

रडू त्याच्या नंतर आलं. सोलापूरमार्गे रात्रभर एसटीने येताना मी खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसले होते, आणि बाबांची आठवण काढायला गेले की तो विचारच आधी यायचा. बाबा गेले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगणार होते? आईला?

बोर्डाची परीक्षा दिली. ७ मे ला नीटला बसले, दोनशे मिनिटं गोल काळे करत राहिले. निकाल लागल्यावर घरात ठरलं, एक वर्ष ड्रॉप घ्यायचा. जून-जुलै मी पलंगावर होते. पुस्तकांची खोकी लातूरहून आली तशी सुतळीसकट भिंतीला लावून ठेवलेली.

३. ‘मन रमव’ म्हणू नका, काम सांगा

दोन महिने येणारा प्रत्येक जण मला मन रमवायला सांगत होता. चित्र काढ, गाणी ऐक, मैत्रिणींकडे जा. मन कुठे असतं तेच सापडत नव्हतं, तर ते रमवणार कसं?

ऑगस्टमध्ये बाबांच्या नाटकातले सहकारी, आम्ही त्यांना लाईटवाले काका म्हणतो, दारात उभे राहिले. हातात बाबांची पत्र्याची पेटी. पक्कड, टेस्टर, इन्सुलेशन टेपचे रोल, रंगीत जिलेटिनचे तुकडे आणि तळाशी एक दोनशेपानी वही. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. वही उघडून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “हे तुझ्या बाबाचं अक्षर तुला लागतंय काय बघ. आम्हाला कुणालाच लागंना.”

त्यांचा नाटकाचा ग्रुप एक जुनं दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी पुन्हा बसवत होता. वाड्याच्या वाटण्यांचं नाटक, काही वर्षांपूर्वी बाबांनीच त्याचे दिवे केले होते. सगळे क्यू त्या वहीत होते, पण बाबांच्या स्वतःच्या लिपीत. ‘खि ८’. ‘मा. ४० वरून १५, ती बसेपर्यंत’. ‘श्वा २’. ‘चे. बघ’.

मी पलंगावरून उठून टेबलाशी बसले, कारण अक्षर बघायला उजेड हवा होता. ‘खि’ म्हणजे खिडकी, ते लगेच कळलं. ‘मा.’ म्हणजे मागचे दिवे. ‘श्वा’ पाशी काकांनी आधीच हात टेकले होते, पण मला ते एका क्षणात लागलं. लहानपणी दिवाळीत आकाशकंदिलाचं बटण माझ्या हाती असायचं आणि बाबा म्हणायचे, लगेच नाही, आधी दोन श्वास थांब, मग लाव. ‘श्वा २’ म्हणजे दोन श्वास थांबून मग अंधार. दुसऱ्या अंकात तीन ठिकाणी ‘चे. बघ’ होतं. तिथे धाकट्या मुलीचं काम करणारी नटी कपडे बदलून येते, म्हणून मी ते ‘चेंज बघ’ असं लावलं.

काका म्हणाले, “उद्या सातला शाळेत ये. तिथं वाचून दाखव.” मी गेले. जावं की न जावं, असा प्रश्नच पडला नाही, कारण वही माझ्याकडे होती आणि तिकडे पंधरा माणसं थांबली होती. मला बरं वाटावं म्हणून मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, त्यांचं खरोखरच अडलं होतं. मुलांना हा फरक लगेच कळतो.

४. दिव्याला आधी ऊब द्यायची

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. बाक भिंतीकडे सारायचे, खडूने फरशीवर दारं-खिडक्या आखायच्या. तालमीत दिवे नसतातच. मी वही घेऊन बसायचे आणि जागा आली की मोठ्याने म्हणायचे, “फेड”, “कट”, “ब्लॅकआउट”. पहिल्या आठवड्यात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. दिग्दर्शक ताईंनी एकदाच सांगितलं, “तुझ्या शब्दावर तिकडं माणसं हलणार आहेत.” पुढच्या वेळी आवाज पोचला.

खरे दिवे मी शिकले काकांच्या माडीवर, रविवारी सकाळी. रविवार ही माझ्या अंगात टेस्टची वेळ होती, सकाळी पोटात कळ यायची. त्याच वेळेला आता माझ्यासमोर दोन जुने स्पॉट, चार चॅनेलचा डिमर आणि हजार वॉटचा एक नवाकोरा दिवा असायचा.

मी दिवा खोक्यातून काढायला हात घातला तर काका ओरडले, “बोटं लावू नको! कापडानं धर.” हॅलोजन दिव्याच्या काचेला बोट लागलं की कातडीचं तेल तिथे राहतं, दिवा तापल्यावर तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि काच तिथे फुगते किंवा तडकते. हजार वॉट पेलणारी वस्तू एका बोटाच्या ठशाने जाते.

मग त्यांनी मला डिमरची दांडी हातात दिली. मी ती सरळ वर नेली. लखकन उजेड पडला. काका म्हणाले, “असं चार वेळा केलंस की तार तुटंल. गार दिव्याला एकदम सगळं मागायचं नाही. आधी आठ-दहावर ठेव, बघणाऱ्याला दिसणार पण नाही. जरा ऊब येऊ दे. मग ने कुठं न्यायचं तिथं.”

तापमान वाढलं की धातूचा रोध वाढतो, हे वाक्य मी दोन वर्षांत शेकडो वेळा गिरवलं होतं. त्यावरचे प्रश्न सोडवले होते, गुण मिळवले होते. गार टंगस्टनच्या तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो, म्हणून बटण दाबताक्षणी तिच्यातून कितीतरी पट जास्त वीज धावते आणि तार बहुधा त्याच क्षणी तुटते. मला हे सगळं येत होतं. पण ते हातात कधी आलं नव्हतं. मी दांडी आठवर ठेवली. दिव्याच्या पोटात एक तांबूस धागा दिसायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले, काका चहा घेऊन आले तरी बघत होते. वहीतल्या प्रत्येक ‘खि ८’ चा अर्थ तेव्हा लागला. खिडकीच्या दिव्याचं काम यायच्या कितीतरी आधीपासून बाबा तो आठवर ठेवून वाट बघत असायचे.

लातूरहून आल्यावर ऑगस्टपर्यंत मला सगळे थेट शंभरवर न्यायला बघत होते. ड्रॉप घे, नवीन टाइमटेबल लाव, पहाटे उठ. मलाही तेच वाटत होतं. त्या रविवारनंतर मी आईला सांगितलं की मला काही दिवस आठवर राहू दे. तिला कळलं नाही. पण तिने खोकी सोडायचा आग्रह थांबवला.

५. शोकात असलेल्या मुलाला बालगंधर्वांची गोष्ट सांगू नये

१२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरी त्यांनी तोंडाला रंग लावून भामिनी उभी केली. नाटक आमच्या सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे घरातली असल्यासारखी सांगतात. मला ती त्या वर्षी चार जणांनी सांगितली, डोळ्यांत पाणी आणून.

बालगंधर्वांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती गोष्ट ऐकून मला वाटायचं, त्यांना मुलीच्या मृत्यूच्या दिवशी जमलं आणि मला आठ महिन्यांनी पुस्तक उघडता येत नाही. त्या रात्री प्रयोग संपल्यावर, रंग उतरवल्यावर, घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं.

६. एक माणूस विंगेत हवं

आमच्या प्रॉम्प्टर बाई निवृत्त शिक्षिका आहेत. विंगेत खुर्ची, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नट अडला की त्या पुढचे दोनच शब्द पुटपुटतात, पूर्ण वाक्य कधी देत नाहीत. आणि तो अडला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे त्यांना कसं कळतं देव जाणे. मी विचारलं तर म्हणाल्या, “संहितेकडं नाही, त्याच्या मानेकडं बघायचं.”

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीच्या राजाश्रयाखाली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. २०२३ च्या ५ नोव्हेंबरला संध्याकाळी नटराजाच्या तसबिरीला हार घालून दिग्दर्शक ताई म्हणाल्या, बरोबर १८० वर्षं झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात मात्र १८० म्हणजे नीटमध्ये सोडवायचे प्रश्न होते. तो आकडा ऐकल्याबरोबर हात गार पडले, घशाला कोरड पडली. मी बाहेर नळावर गेले.

बाई मागून आल्या. काय झालं म्हणून विचारलं नाही, नळाच्या कट्ट्यावर बसल्या. मी बोलायला लागले. रेक्टरबाई, फोन, शनिवार. “आणि मला पहिल्यांदा वाटलं...” म्हणून थांबले. त्या हळूच म्हणाल्या, “की उद्याचं...” दोनच शब्द. बाकीचं वाक्य मी पूर्ण केलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमचे हे गेले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं होतं, चला, उद्या पाचला उठून डबा करायला नको. तेहतीस वर्षं केला होता गं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.” मग त्यांनी नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि आम्ही दोघी आत गेलो. तालीम सुरू झाली होती.

भाव्यांच्या त्या पहिल्या नाटकात नटांना लिहून दिलेली वाक्यं नव्हती म्हणतात. सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापल्या सुचेल त्या शब्दांत बोलायची. मला ते फार आवडतं.

७. नाटक औषध नाही

हे स्पष्ट लिहायला हवं. तालमी सुरू झाल्यावरही मला पहाटे तीनला जाग यायची आणि काही रात्री फार वाईट होत्या. प्रॉम्प्टर बाईंनीच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी तीनदा फोन केला, नंतर प्रत्यक्ष डॉक्टरांकडेही गेले. ज्यांना गरज आहे त्यांनी नाटकाच्या भरवशावर थांबू नये.

आणि नीट मी पुन्हा दिली नाही. आता भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी करते आहे.

८. गेलेल्या माणसाला त्याच्या कामातून भेटता येतं, पण तिथेही चुकायला होतं

स्पर्धेच्या प्रयोगाला आई आली. बाबांच्या इतक्या नाटकांपैकी तिने जेमतेम तीन-चार पाहिली होती. स्वयंपाक, आजीचं दुखणं, माझी शाळा. शिवाय दिवे करणारा माणूस प्रेक्षकांना दिसत नाही, मग बघायला जायचं तरी कुणाला, असं ती म्हणायची.

तिसरी घंटा झाली. मी डिमरपाशी उभी होते. खिडकी आठवर. पुढचे दोन तास मला सलग आठवत नाहीत, एवढंच आठवतं की पहिल्या अंकाच्या शेवटी ‘श्वा २’ आलं, मी दोन श्वास मोजले आणि अंधार केला. त्या अंधारात साडेतीनशे माणसं गप्प होती आणि टाळ्या यायला वेळ लागला. मला घाई नव्हती.

प्रयोगानंतर सगळ्यांनी पाठ थोपटली. दिव्यांचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही, नाटकाला उत्तेजनार्थ काहीतरी मिळालं, ते पुढचं. घरी जाताना स्कूटरवर आई मागे बसली होती. आयर्विन पुलाच्या अलीकडे ती कानाशी म्हणाली, “छान केलंस. पण दुसऱ्या अंकात त्या धाकटीचा चेहराच दिसत नव्हता. ती रडत होती ना तिथं? तुझे बाबा असं होऊ द्यायचे नाहीत.”

मला ते लागलं. घरापर्यंत मी बोलले नाही. नऊ-दहा महिन्यांत तिने बाबांचं नाव काढून केलेली ती पहिली तक्रार होती, आणि ती माझ्याबद्दल होती.

घरी आल्यावर कपडे न बदलता वही उघडली. दुसरा अंक. तीन ठिकाणी ‘चे. बघ’. जिथे जिथे होतं, तिथे धाकटी मान खाली घालून बोलते. दोन ठिकाणी ती कपडे बदलून आलेलीही नसते, ते माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, वहीवर वाकली. “चेहरा,” ती म्हणाली. “चे म्हणजे चेहरा. मला चिठ्ठी लिहायचे त्यातसुद्धा असंच, अर्धा शब्द.” आणि मग ती खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या पानापासून वही वाचायला लागली.

पुढचा प्रयोग मिरजेजवळच्या एका गावात, उघड्या मांडवात होता. दुपारीच जाऊन मी डावीकडचा स्पॉट शिडीवरून वीतभर खाली घेतला. त्या धाकटीला मधोमध उभं करून मान खाली घालायला सांगितली. आई खाली उभी राहून बघत होती. “अजून थोडा,” ती म्हणाली.